‘आपले लोकच मागास’ : भंडारा जिल्ह्याविषयीची चार सोपी मते

१/२५
भंडाऱ्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर अर्धा तास बसावे, चार मते हमखास कानी पडतात. रेल्वे शहरात आली नाही, कारण पणजोबांच्या पिढीने ती येऊ दिली नाही. शेतीला पाणी मिळाले नाही, कारण इथल्या लोकांना तंत्र ठाऊक नव्हते. बोली अशुद्ध आहे, कारण ती हिंदीने बाटली. पितळ गेले, कारण घरच्या बायकांना स्टीलच्या चकाकीची भूल पडली. हा धागा या चार मतांविरुद्ध आहे.

२/२५
चारही मतांचा साचा एकच आहे. प्रश्न कोणताही असो, उत्तर ठरलेले : ‘आपले लोकच मागास.’ हे उत्तर नम्रतेचे वाटते, आत्मपरीक्षणाचे वाटते. प्रत्यक्षात ते आळसाचे आहे. निर्णय कोणी घेतला, खर्च कोणी सोसला, राबले कोण, हे तीन प्रश्न न विचारता इतिहास मिटवून टाकण्याची ती युक्ती आहे. एकेक मत घेऊन पाहू.

३/२५
पहिले मत, रेल्वे. शहराचे स्थानक ‘भंडारा रोड’, आणि ते आहे वरठीला, शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर. कथा अशी सांगतात की इंग्रज रुळ शहरातूनच नेणार होते, पण ‘गाव बाटेल’ म्हणून मंडळींनी विरोध केला आणि साहेबाने रुळ दूर नेले. कथा रंगतदार आहे. तिच्यात तारीख नाही, अर्ज नाही, अर्जदाराचे नाव नाही.

४/२५
आता काळ पाहा. मुंबईहून येणारी जी.आय.पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. पुढचा नागपूर–राजनांदगाव मार्ग ‘नागपूर-छत्तीसगड रेल्वे’ या नावाने सरकारने स्वतः बांधला. तो मीटर गेज होता आणि १८८० ते १८८२ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो घेतला आणि ब्रॉडगेज केला.

५/२५
त्या काळी भंडाऱ्याच्या रहिवाशाने विरोध करायचा तरी कोणत्या दारात? मध्य प्रांतात ग्रामीण भागासाठी स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला १८८३ मध्ये, म्हणजे रुळ पडून गेल्यावर. जमीन घेण्यासाठी १८७० चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाती होता. मालकाला मोबदल्यावर भांडता येई, ‘जमीन देत नाही’ असे म्हणता येत नसे. ज्यांना नकाराचा अधिकारच नव्हता, त्यांच्या माथी नकाराचे पाप मारणे हा कसला न्याय?

६/२५
मग रुळ वरठीवरून का गेले? नकाशा उघडा. नागपूर ते डोंगरगड सरळ रेघ ओढली तर ती भंडाऱ्याजवळूनच जाते. पण भंडाऱ्याच्या पूर्वेस ती गायखुरीच्या डोंगरांत आणि साकोली–देवरीकडील अरण्यात शिरते. जुना ग्रेट ईस्टर्न रोड त्याच बाजूने रायपूरला जात असे, आणि आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३ सुद्धा तसाच जातो.

७/२५
बैलगाडी चढ चढते, वाफेचे इंजिन चढापुढे हतबल होते. म्हणून रस्ता दक्षिणेने गेला आणि रुळ उत्तरेच्या सपाट धानपट्ट्यातून वळले : वरठी, तुमसर रोड, वैनगंगा ओलांडून तिरोडा, गोंदिया, आमगाव. आता नागपूर ते गोंदिया पट्टी ठेवून पाहा. ती रेघ वरठीच्याही उत्तरेकडून जाते. म्हणजे भंडाऱ्याला टाळणे दूरच, रुळ थोडे दक्षिणेला, भंडाऱ्याच्या बाजूलाच झुकले आहेत. हे अनुमान नकाशावरचे आहे आणि कोणालाही पडताळता येण्याजोगे आहे.

८/२५
शिवाय रेल्वे प्रवाशांच्या सोयीसाठी आखलेली नव्हती. छत्तीसगडचे धान्य नागपूरमार्गे मुंबईकडे काढणे हा तिचा धंदा होता. अशा मार्गाला एखादे जिल्ह्याचे गाव दहा किलोमीटरवर राहिले तर चालते. ‘रोड’ हा शब्द जोडला की झाले. नाशिक रोड तसेच झाले. आपल्याच जिल्ह्यात तुमसर रोड हे स्थानक देव्हाडीला आहे. देशभरातल्या शेकडो ‘रोड’ स्थानकांच्या गावी एकाच वेळी तेच भित्रे पणजोबा कसे जन्मले, याचा विचार कथा सांगणाऱ्यांनी कधी केला आहे काय?

९/२५
दुसरे मत, तंत्र. ‘वैनगंगा दाराशी असून यांना पाणी अडवता आले नाही.’ हे वाक्य ज्या जिल्ह्याविषयी म्हटले जाते, त्याची जुनी ओळखच तलावांचा जिल्हा अशी आहे! १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होण्यापूर्वीचा भंडारा जिल्हा डोळ्यांपुढे आणा. गावागणिक तलाव, तलावाखाली बोडी, बोडीखाली धानाची बांधी. ही रचना कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कितीतरी आधीची आहे.

१०/२५
गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने ही तलावांची विद्या इथे वाढवली. तिचा गाभा बांध घालण्यापुरता नाही. दोन टेकड्यांमधली खिंड हेरणे, पाणलोटाचा अंदाज घेणे, जादा पाणी बांध न फोडता कुठून सांडेल हे ठरवणे, आणि वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावाला मिळावे अशी साखळी बांधणे, हे सारे त्यात येते. हे तंत्र नव्हे, तर तंत्र कशाला म्हणायचे?

११/२५
इथे उलट्या टोकाच्या मंडळींनाही थांबवले पाहिजे. ‘पूर्वी सारे गाव गुण्यागोविंदाने तलाव राखत असे’ ही कथाही तितकीच खोटी आहे. १८६० च्या दशकातील जमीनबंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली आणि तलाव त्यांच्या मालमत्तेत गेले. गाळ उपसणारे हात कुळांचे आणि मजुरांचे होते, मालकी मालगुजाराची होती. तलाव टिकले, कारण मालकाचे उत्पन्न त्यावर होते. गुण्यागोविंदा हा शब्द वापरण्याआधी हे लक्षात ठेवावे.

१२/२५
मग तलाव ढासळले कधी? १९५० च्या मध्यप्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपली. अन्याय्य व्यवस्था गेली, हे योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजे आजच्या बोलण्यातले ‘मामा तलाव’, या नावाने सरकारी दप्तरात जाऊन बसले. जुना मालक गेला. नवा मालक दूर कचेरीत होता. राबणाऱ्या गावाला मात्र ना मालकी मिळाली, ना दुरुस्तीचा पैसा. गाळ साचला. दोष कोणाला दिला? गावाला.

१३/२५
त्याच वैनगंगेवर, पवनी तालुक्यात, २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि खर्च हजारो कोटींवर गेला. तीन दशके उलटल्यावरही काम चालूच होते. या विलंबाला कोणी ‘अभियंत्यांचे मागासलेपण’ म्हणत नाही. ते विशेषण शेतकऱ्यासाठीच राखून ठेवलेले असते.

१४/२५
तिसरे मत, भाषा. हे मला सर्वांत जास्त झोंबते. शाळेत असताना मी ‘पानी’ म्हणालो आणि वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असे, पण उत्तरात ‘ण’ किंवा ‘ळ’ आला तर काय, या भीतीने ते तोंडातच राही. हा अनुभव या जिल्ह्यात माझा एकट्याचा नाही, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे.

१५/२५
झाडीबोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो आणि ‘ळ’ चा ‘र’ होतो : पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. आरोप असा की हा हिंदीचा संसर्ग आहे. मग मुंबईच्या उंबरठ्यावरची आगरी बोली पाहा. तिथेही ‘पानी’च म्हणतात. तिथे कोणत्या मध्यप्रदेशाची सीमा लागते? ‘न’ आणि ‘ण’ यांचा हा फरक मराठीच्या अनेक बोलींत आहे. तो भ्रष्टतेचा पुरावा मानायचा, तर महाराष्ट्राचा मोठा भाग भ्रष्ट ठरेल.

१६/२५
‘शुद्ध’ कोणी ठरवले? प्रमाण मराठीची घडण प्रामुख्याने मुंबई इलाख्यात झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, तो मुंबई सरकारच्या आश्रयाने. शालेय पुस्तकेही तिथेच बेतली गेली. आणि भंडारा तेव्हा कुठे होता? १८५३ पर्यंत नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात, १८६१ पासून मध्य प्रांतात, १९५० पासून मध्यप्रदेशात. मुंबईच्या राज्यकारभाराशी त्याचा संबंध आला १९५६ मध्ये. ज्या मोजपट्टीच्या घडणीत आपण नव्हतोच, तिने आपल्याला आखूड ठरवले.

१७/२५
प्रमाण भाषा असू नये असे मी म्हणत नाही. हा धागा मी तिच्यातच लिहितो आहे, कारण कोल्हापूरच्या आणि जळगावच्या वाचकालाही तो कळावा. सामाईक लेखी भाषा ही सोय आहे. पण सोयीची शुद्धता झाली की ती चाबूक होते. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, ते ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात विदर्भातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केले. त्या भूमीतल्या मुलाला मराठी येत नाही, असे सांगण्याचे धाडस होते तरी कसे?

१८/२५
आणि आजचा दुटप्पीपणा पाहा. ‘मी लिटरली शॉक झालो, ब्रो’ हे वाक्य नागपूरच्या कॅफेत आधुनिक ठरते. ‘मी जेवून रायलो’ हे वाक्य त्याच टेबलावर विनोद ठरते. दोन्हींत परकेपणाचा आरोप करता येईल. मग एकाला टाळी आणि दुसऱ्याला हशा का? कारण इथे भाषा मोजलीच जात नाही. बोलणाऱ्याचा खिसा आणि त्याचे गाव मोजले जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी साकोलीसारख्या गावी राहून झाडीबोलीचे शब्द गोळा करण्यात आयुष्य वेचले, ते या हशाला दिलेले उत्तर आहे.

१९/२५
चौथे मत, पितळ. भंडारा म्हणजे पितळनगरी. ‘भाणा’ म्हणजे पितळी ताट, त्यावरून गावाचे नाव पडले, असेही सांगतात. आता फॉरवर्ड फिरतात : ‘पूर्वज पितळेत जेवत म्हणून निरोगी होते, आपण स्टीलच्या मोहाने आजार विकत घेतले.’ यात कारागिराबद्दल कळवळा दिसतो. पण घागर, गुंड, गंज आणि परात रोज घासत कोण होते, या प्रश्नाला तिथे जागा नसते.

२०/२५
माझी आजी चिंच आणि राख घेऊन पहाटे बसत असे. पितळेचा हंडा रोज घासला नाही तर काळवंडतो. आंबट पदार्थासाठी आतून कथिलाची कल्हई हवी. ती झिजली की नवसागर आणि कथिल घेऊन येणाऱ्या कल्हईवाल्याची वाट पाहायची. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते ‘कळकते’. या एका अनुभवासाठी मराठीने वेगळे क्रियापद घडवले. पितळेचे गुणगान करणाऱ्या फॉरवर्डमध्ये ते क्रियापद कधी दिसले आहे?

२१/२५
मग आधी अॅल्युमिनियम आले. आपल्याकडे त्याला ‘जर्मन’ म्हणतात. ते हलके आणि स्वस्त होते. मग स्टील आले. त्याला कल्हई नको, चिंच नको. ज्या बाईने हे बदल घडवले तिने चकाकीपेक्षा आपल्या मनगटांचा आणि पहाटेच्या तासाचा हिशेब केला होता. तिच्या निर्णयाला ‘भूल’ म्हणणाऱ्या पुरुषाने आधी एक आठवडा पितळी हंडा घासून पाहावा.

२२/२५
‘पितळ स्वदेशी, स्टील परके’ हेही तपासू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. राजस्थानातील जावरची जुनी जस्तविद्या एकोणिसाव्या शतकात बंद पडली होती, आणि देबारीचा जस्तप्रकल्प सुरू झाला १९६८ मध्ये. मधल्या काळात कासारांच्या भट्टीतले जस्त बहुतांशी बाहेरून येत होते. उलट पोलादाला लागणारे मँगनीज तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते. डोंगरी बुजुर्गचे खनिज टॉर्चच्या सेलमध्येही वापरतात. स्टीलच्या स्वस्त भांड्यांत तर निकेल कमी करून मँगनीजच वाढवलेले असते.

२३/२५
या खाणींचा इतिहास १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून सुरू होतो. इंग्रज काळात खनिज कच्चेच जहाजावर चढले. १९६२ मध्ये ‘मॉयल’ स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. म्हणजे आपल्या घरात परके काय आणि स्वतःचे काय, हे भांड्याच्या रंगावरून ठरत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे : आपल्या मातीतून निघालेल्या वस्तूची किंमत कोणाच्या हाती पडली? आणि ज्या कासाराची भट्टी विझली, त्याला दुसरे काम देण्याची जबाबदारी कोणाची होती? फॉरवर्ड हे विचारत नाही. ते गृहिणीला दटावून मोकळे होते.

२४/२५
आक्षेप येईल : ‘म्हणजे आपल्या लोकांचे काहीच चुकले नाही?’ चुकले. मालगुजारांनी कुळांना पिळले, ते आपलेच होते. वर्गात हसणारे गुरुजीही आपलेच होते. चूक दाखवायला माझी हरकत नाही. पण चूक करणाऱ्याला नाव असावे, काळ असावा, अधिकार असावा. ‘लोक’ नावाच्या गर्दीवर दोष टाकला की ज्यांच्या हाती अधिकार होता ते सारे सुटतात. आणि हे फक्त भूतकाळाचे नाही. उद्या एखादा मार्ग, प्रकल्प वा कारखाना आपल्याला वगळून आखला जाईल, तेव्हाही आपण सवयीने आरशात पाहून मान खाली घालू. कागद मागणार नाही.

२५/२५
म्हणून तरुण मित्रांनो, एक विनंती. पुढच्या वेळी कोणी ‘आपले लोकच मागास’ म्हणाले, किंवा ‘आपले पूर्वज सर्वज्ञ’ म्हणाले, तर वाद घालू नका. शांतपणे तीन गोष्टी विचारा : निर्णय कोणाचा होता? खर्च कोणी सोसला? राबले कोण? मग गावचा नकाशा काढा, तलावावर जा, आजीला पितळेबद्दल विचारा आणि ती ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत लिहून घ्या. ‘ण’ चा ‘न’ झाला असेल तर ‘न’च लिहा.

धागा समाप्त. पणजोबांनी रेल्वेविरुद्ध केलेला अर्ज कोणाच्या घरी जपून ठेवलेला असेल तर तो अवश्य दाखवावा; पहिले मत त्याच दिवशी जाहीरपणे दुरुस्त करीन.